घायपाताचा दोर

गुरं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात दोर असतोच. माझं लहानपण माणदेशात गेलं, संसार अमेरिकेतल्या मोंटानात झाला. दोन्हीकडे गुरं, म्हणून दोन्हीकडे दोर. तिकडे दुष्काळ गुरं मारतो, इकडे हिवाळा.

आमच्या आबांच्या गोठ्यात खिलार बैलांची जोडी, दोन म्हशी आणि खुंटीवर दोरांचा घोस असायचा. दावी, कासरे, म्होरक्या, वेसणी, गाडीची चऱ्हाटं आणि मोट बंद पडून जमाना झाला तरी जपून ठेवलेला नाडा. यातला एकही दोर बाजारातून आलेला नव्हता. आमच्या माळाच्या बांधाबांधावर घायपात होतं. पावसानं तोंड फिरवलं तरी ते तगून राहतं आणि जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला लावलेलं. आबा त्याची पानं विळ्यानं कापायचे, कडेचे काटे तासायचे आणि ओढ्यातल्या डबक्यात दगडाखाली दाबून कुजत घालायचे. त्या डबक्याचा वास लांबूनही यायचा. ताज्या पानांचा रस अंगाला लागला तर दिवसभर खाज सुटायची. पानं कुजून मऊ पडली की दगडावर बडवून, धुऊन त्यातला गर काढून टाकायचा. मग हातात उरतो तो वाख, पांढरट, लांबसडक आणि वाळला की सळसळणारा.

आबांना हे काम गावातल्या मातंग वस्तीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं होतं. त्याच्या हातचा कासरा बैल म्हातारा होईपर्यंत टिकतो, असं अख्खं गाव म्हणायचं. मोबदला मात्र खळ्यावरचे चार दाणे. त्याच्या कामाला कला म्हणावं, हे गावात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मला ते आजही सलतं.

वळायला बसलं की दोन माणसं लागायची. वाखाची बट फिरकीला अडकवून मी ती फिरवत मागं मागं सरकायचे आणि आबा मांडीवरच्या ढिगातून चिमूट चिमूट वाख सोडत राहायचे. त्यांच्या बोटांतून बाहेर पडेपर्यंत तो सुटा असायचा, बाहेर पडला की सूत झालेला. असे तीन पेड झाले की ते एकत्र धरून उलट्या अंगानं पीळ द्यायचा. सगळी करामत त्या उलट्या पिळात. प्रत्येक पेड आपला पीळ सोडवायला बघतो आणि सोडवता सोडवता शेजारच्या पेडाला आणखी आवळतो, म्हणून हातातून सोडला तरी दोर उलगडत नाही. माझा हात सैल पडला की आबा ओरडायचे, "ढिला सोडू नगंस, बाय. पीळ खाऊ दे त्येला!" बेंदराच्या आधी आमची ही वळाई चालायची. सणाच्या दिवशी बैलांच्या नाकात नवी वेसण आणि गळ्यात नवं दावं हवं, यात आबांनी कधी तडजोड केली नाही.

पुढे पशुविज्ञान शिकायला मी बोझमनच्या मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीत आले आणि जुडिथ खोऱ्यातल्या एका रँचवर सून म्हणून राहिले. काळीभोर अँगस गुरं, मैलोन् मैल तारेची कुंपणं, शेजारचं घर दिसायचं ते फक्त रात्री, दिव्याच्या ठिपक्यानं. पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांबरोबर गुरांना वैरण टाकायला निघाले. गवताच्या गठ्ठ्याची सुतळी त्यांनी चाकूनं कापून माझ्याकडे फेकली, आणि ती हातात येताच मी थबकले. तोच खरखरीतपणा, तोच कोरडा वास. नाकाशी धरून पाहिली. घायपातच! या सुतळीला इकडे सिसल म्हणतात, आणि सिसल म्हणजे घायपाताच्या कुळातल्याच झाडाचा वाख. हे कूळ मूळचं मेक्सिकोकडचं. तिथल्या गुराख्यांचे दोर पूर्वापार याच वाखाचे. तिथूनच ते समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलं आणि आमच्या माळाच्या बांधावर रुजलं. म्हणजे आबा ज्याला आपल्या मातीतलं झाड समजत होते ते पाहुणं होतं, आणि मी जिथे पाहुणी होते तिथे ते माझ्याआधी येऊन बसलं होतं. त्या दिवशी कापलेली एकही सुतळी मी फेकू दिली नाही. सासरे काही बोलले नाहीत. त्यांच्याही कोठारात खिळ्यावर सुतळ्यांचा भारा होताच.

इथल्या थंडीविषयी लिहिताना आकडे द्यावे लागतात, नाहीतर आपल्याकडे खरं वाटत नाही. याच राज्यातल्या रॉजर्स पास इथे 20 जानेवारी 1954 रोजी पारा उणे 57 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. अलास्का सोडली तर अमेरिकेत एवढी थंडी कुठेच नोंदलेली नाही. आणि रॉकी पर्वतावरून 'चिनूक' नावाचा उबदार वारा उतरला, तर हेच तापमान बघता बघता शून्याच्या वर जातं. लोमा या गावी जानेवारी 1972 मध्ये चोवीस तासांत ते उणे 48 वरून 9 अंशांवर गेलं होतं. याच वर्षी आमच्या माणदेशात दुष्काळामुळे लोक खडी फोडायला जात होते आणि दावणी रिकाम्या होत होत्या.

या चिनूक वाऱ्याची वाट पाहणाऱ्या एका गाईचं चित्र मोंटानात सगळ्यांना ठाऊक आहे. 1886 चा उन्हाळा कोरडा गेला होता, कुरणांना झेपतील त्यापेक्षा जास्त गुरं सोडलेली होती. मग हिवाळ्यात बर्फ पडलं, मध्ये थोडं वितळलं आणि पुन्हा गोठून त्याचा कडक थर झाला. गवत त्या थराखाली अडकलं. गुरं खुरांनी, तोंडानं उकरत राहिली आणि उपाशी मेली. मालकानं गुरांची खबर विचारली तेव्हा जुडिथ खोऱ्यात गुराखी असलेल्या चार्ल्स रसेल या तरुणानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात हाडांचा सापळा झालेली एक गाय काढून पाठवली. बर्फात एकटी उभी, आसपास लांडगे. शब्दांत सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढे रसेल मोठा चित्रकार झाला, ग्रेट फॉल्सला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. पण त्यानं ते चित्र कलेच्या दालनासाठी काढलं नव्हतं, मालकाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढलं होतं. मला तो माणूस आमच्या माणदेशी लेखक व्यंकटेश माडगूळकरांच्या जातकुळीचा वाटतो. दोघेही गुरांच्या मुलखात राहिलेले आणि दोघांनीही त्या मुलखाला परकं होऊ दिलं नाही. त्या हिवाळ्यानंतर इथले रँचवाले उन्हाळ्यात गवत कापून साठवू लागले. आमच्या वैरणीच्या गंजी त्या गाईच्या मरणातून आलेल्या आहेत.

आमच्या घराच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंत हिवाळाभर एक दोर बांधलेला असतो. वादळात बर्फ आडवं उडायला लागलं की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. अंगणात वाट चुकून, घराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर गोठून मेलेल्या माणसांच्या हकीकती या मुलखात घराघरात आहेत. अशाच एका वादळी रात्री एक पहिलारू कालवड व्यायला टेकली होती. मी दोर धरून निघाले. नवरा पुढे होता, पण तो दिसत नव्हता. दोराला बसणारा त्याचा हिसका तेवढा कळत होता. हातमोज्यातून पीळ लागायचा, एकेक वेढा बोटाखालून जायचा, आणि त्या क्षणी दोन मुलखांमधलं अंतर माझ्या मनातून गेलं. अंधारात आबा पलीकडचं टोक धरून बसले आहेत, असंच वाटत होतं.

गोठ्यात पोहोचलो तेव्हा वासरू पडलेलं होतं. ओलं, ताठ, जीभ गार. वासराच्या अंगात साडेअडतीस अंशांच्या आसपास ऊब हवी, इथे थर्मामीटरचा काटा हलत नव्हता. स्लेजवर घालून त्याच दोराच्या आधारानं त्याला घरात आणलं, बाथटबात कोमट पाण्यात धरून ठेवलं, मग टॉवेलनं रगडलं, हेअर ड्रायरनं वाळवलं. गाईचा चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला नाही तर वासराला रोगाशी झगडायची ताकद मिळत नाही, म्हणून नवरा परत जाऊन चीक काढून आला. पहाटे वासरू स्वयंपाकघरात उभं राहिलं आणि ओट्याच्या दाराला ढुशा द्यायला लागलं. त्याच्या कानांची टोकं थंडीनं गळून पडली. ती आखूड कानांची गाय पुढे कितीतरी वर्षं कळपात होती.

सगळ्यांचं असं भलं होत नाही. पाणवठ्यावरचं बर्फ फुटून एक कालवड आत गेली, तेव्हा सासऱ्यांनी घोड्यावरून फासा टाकला, दोराचे वेढे खोगिराच्या मुठीला दिले आणि घोड्यानं तिला ओढून बाहेर काढलं. भिजलेला नायलॉनचा दोर तिथल्या तिथे काठीसारखा ताठ झाला, गाठ सुटेना, तो कापावा लागला. कालवडीच्या अंगावर बर्फाचं कवच चढलं होतं. आम्ही रात्रभर तिच्याशेजारी बसलो. उजाडायच्या आत ती गेली. सासरे दोराचे तुकडे गोळा करत होते आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर नाही. तरुणपणी असेच मुठीला वेढे देताना अंगठा दोरात सापडला. या धंद्यात अशी बोटं पुष्कळ दिसतात. पण त्याच हातानं ते हिवाळ्याच्या संध्याकाळी कच्च्या कातड्याच्या वाद्या कापतात आणि आठ पदरी लगाम विणतात. कातडं जास्त ओलं असलं तर वीण नंतर सैल पडते, कोरडं असलं तर तुटतं. ते वादी गालाला लावून ओल पाहतात. बाहेर कितीही आकांत असो, संध्याकाळी लवकर अंधार पडला की घरात असं काही ना काही चालू असतं. सासूबाई जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची रजई शिवतात. या राज्यातल्या डिअर लॉजच्या तुरुंगातले कैदी घोड्याच्या केसांपासून लगाम विणत आले आहेत आणि ते पाहून डोळे दिपतात. नेवाडातल्या एल्को गावी 1985 पासून ऐन हिवाळ्यात गुराख्यांचं कविसंमेलन भरतं. जानेवारीचा शेवट निवडण्याचं कारण साधं आहे: वासरं पडायला लागण्याआधी रँचवाल्यांना थोडी उसंत असते ती तेव्हाच.

मी सुतळीचे दोर वळते. कापलेल्या सुतळ्या भिजवायच्या, गाठी सोडवायच्या, तीन पेड, उलटा पीळ. फिरकी नवऱ्यानं करून दिली, मुलीनं फिरवली. वासरांच्या म्होरक्या मी वळलेल्या आहेत आणि ओसरीचा दोरही आता माझ्या हातचा आहे. पूर्वी मला वाटायचं, काम संपल्यावर उरलेल्या वेळात माणूस काहीतरी सुंदर करतो. आता तसं वाटत नाही. आबांचा कासरा, सासऱ्यांचा लगाम, रसेलची ती गाय, ही सगळी कामंच होती, आणि ती करणाऱ्यांनी ती नीट करायची ठरवली होती.

इकडे सिसलच्या जागी प्लॅस्टिकची सुतळी येते आहे, आणि माणदेशातही आता बाजारात नायलॉनच्या रंगीत वेसणी टांगलेल्या दिसतात. त्या स्वस्त पडतात, पण बैलाचं नाक कापतात. तुमच्या गावात वाखाचा दोर वळणारं कुणी अजून असेल, तर यंदाच्या बेंदराला, पोळ्याला कासरा त्यांच्याकडून घ्या. सांगतील ती किंमत घासाघीस न करता द्या, आणि घरातल्या एखाद्या पोरीला फिरकी फिरवायला त्यांच्यासमोर बसवा.