सुरू म्हणजे नक्की कोण?

परवा शनिवारी रिलीज नव्हतं, म्हणून लेकीला घेऊन नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबच्या समुद्रावर गेलो. किनाऱ्यावरच्या झाडांखाली बसलो तर ती म्हणते, "बाबा, किती ख्रिसमस ट्री!" मी लगेच शहाणपणा केला, "अगं, सुरू म्हणतात याला."

घरी येऊन शोधलं तर माझंही अर्धवटच! 'सुरू' आला फारसी 'सर्व'वरून, आणि फारसीत सर्व म्हणजे सायप्रस. आपला किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे कॅझुरिना, ऑस्ट्रेलिया-आग्नेय आशियाकडचा. सुयांसारख्या दिसतात त्या बारीक डहाळ्या. खरी पानं त्यांच्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. म्हणजे पाइनसुद्धा नाही.

इंग्रजीतही हाच घोळ. काश्मिरातल्या चिनारच्या भाऊबंदांना लंडनमध्ये प्लेन म्हणतात, अमेरिकेत सिकॅमोर. आणि ब्रिटनमधला सिकॅमोर निघतो मेपल! व्हेरिएबल तेच, व्हॅल्यू वेगळी. कोडमध्ये असं केलं तर रिव्ह्यूत झापतात.

मग लक्षात आलं, कळंब हेही झाडाचंच नाव. बाबांना झाडं ओळखता यायची. "तुला एकदा कळंब दाखवतो," म्हणाले होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. तो रविवार आलाच नाही.

शास्त्रीय नाव दोन मिनिटांत मिळालं: मित्रागायना पार्व्हिफोलिया. पण काही जण कदंबालाही कळंब म्हणतात. बाबांच्या मनात यातला कुठला होता, ते आता कुठे शोधू?

असो. पुढच्या शनिवारी लेक आणि मी दोन्ही बघायला जाणार आहोत. तुमच्या ओळखीत कुणी जुनी माणसं असतील, तर त्यांना आजच विचारून घ्या.