नेव्हिलचे तीन गोल

मुलांनो, शीव-पनवेल महामार्गावरून नेरूळकडे येताना एक भव्य क्रीडांगण दिसते. त्याचे नाव डी. वाय. पाटील स्टेडियम. तुमच्यापैकी काहीजणांची घरे तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना याच मैदानावर झाला. २०२२ साली याच वयोगटातील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच झाला आणि स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० असे हरवले. जगातले फुटबॉल असे आपल्या दारापर्यंत आले.

तुमच्या वह्या तपासताना मागच्या पानावर मला नेहमी काही नावे सापडतात. कोणी मेस्सी लिहिलेले असते, कोणी रोनाल्डो, कोणी एम्बापे. त्या नावांबद्दल मी तुम्हांला कधी रागावत नाही. चांगल्या खेळाडूवर प्रेम करायला पासपोर्ट लागत नाही. मात्र एका मुलाने मला विचारलेला प्रश्न मनात घर करून राहिला आहे. तो म्हणाला होता, "टीचर, ऑलिंपिक, विश्वचषक हे आपल्यासारख्यांचे काम नाही ना?" 'आपल्यासारख्यांचे' या शब्दात त्याने किती गोष्टी भरल्या होत्या! लहान घर, उर्दू शाळा, खडबडीत मैदान, वडिलांची रोजंदारी. त्याला तेव्हा जे सांगितले, तेच आज तुम्हा सर्वांना सांगते.

नव्या मुंबईचा जन्मही झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. आज जिथे तुमच्या इमारती उभ्या आहेत, तिथे त्या वेळी भातशेते होती, मिठागरे होती आणि खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गावे होती. खाडीपलीकडे मुंबईत मात्र फुटबॉलचा मोठा दरारा होता. कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झालेली. माझे नाना मदनपुऱ्यात राहत. मोहामेडन स्पोर्टिंगचा संघ कोलकात्याहून खेळायला आला की ते दिवसभराचे काम आटोपून मित्रांबरोबर पायी कूपरेज गाठत. आपला संघ कलकत्त्याचा, असे ते अभिमानाने सांगत. पण मुंबईच्या एका खेळाडूचे नाव निघाले की त्यांचा आवाज बदले. ते नाव म्हणजे नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. त्यांचे कुटुंब गोव्याचे. ते वाढले, खेळले आणि गाजले ते मुंबईत. त्या काळी फुटबॉल खेळून पोट भरत नसे. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि ते कंपनीच्या संघातून खेळत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. त्यांचे भाऊ डेरेक हेही फुटबॉलपटू होते. नेव्हिल आघाडीच्या फळीत मधोमध खेळत. गोल करणे हेच त्या जागेवरच्या खेळाडूचे काम. १९५४ साली मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या काळात मुंबईच्या फुटबॉलमध्ये त्यांच्या नावाचा बोलबाला होता.

आता थोडे मागे जाऊ या. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने झाले. तिथे भारताची गाठ युगोस्लाव्हिया या बलाढ्य संघाशी पडली. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. सामन्याचा निकाल काय लागला असेल? भारताचा १ गोल, युगोस्लाव्हियाचे १०! या पराभवानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. पायांत बूट घालणे सोपे असते. मनातली भीती काढणे अवघड असते. ते अवघड काम करणारा माणूस एक शाळामास्तर होता.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. खेळाडू त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. त्यांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. त्या काळी त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम कोणते होते, ठाऊक आहे? उर्दू! रहीमसाहेबांनी हैदराबादच्या शाळांत शिक्षकाची नोकरी केली. १९५० पासून ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. शिकवण्याची त्यांची रीत खास शिक्षकाची होती. मुलांसाठी ते अशा स्पर्धा भरवत की ज्यांत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास बंदी असे. चेंडू मिळाला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. काही स्पर्धांत ज्या पायाने नीट खेळता येत नाही, त्याच पायाने खेळायचे असे. आपला कच्चा विषय कोणता हे ओळखून त्याचाच सराव करून घेणे, हीच ती पद्धत. गणितात कच्च्या असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी ऑलिंपिक भरले. रहीमसाहेब संघ घेऊन निघाले. त्या संघातली नावे वाचली तरी भारताचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. त्यांच्याबरोबर पी. के. बॅनर्जी आणि निखिल नंदी. हैदराबादकडचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन आणि तुलसीदास बलराम. दक्षिणेचे केम्पय्या आणि पीटर थंगराज. मुंबईकडून नेव्हिल डिसोझा. कोणी अजान ऐकत मोठा झालेला, कोणी चर्चची घंटा ऐकत, कोणी देवळातली आरती ऐकत. मैदानावर मात्र सगळ्यांच्या कानांत एकच शिट्टी वाजत होती, पंचांची.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत पुढच्या फेरीत गेला. १ डिसेंबर १९५६ रोजी भारतापुढे यजमान ऑस्ट्रेलियाचा संघ उभा राहिला. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. पुढे किट्टू यांनी आणखी एक गोल करून सामना ४-२ असा भारताच्या खिशात टाकला.

ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. ऑस्ट्रेलियात कोणाला हा विजय नशिबाचा वाटला असेल, तर त्याचेही उत्तर लवकरच मिळाले. ऑलिंपिक संपल्यावर त्याच महिन्यात सिडनी शहरात हे दोन्ही संघ पुन्हा खेळले, तेव्हा भारताने ७-१ असा विजय मिळवला.

उपांत्य फेरीत समोर कोण आले? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते. ४ डिसेंबरचा तो सामना मध्यंतरापर्यंत गोलशून्य राहिला. ही गोष्ट लहान नव्हे. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी चेंडू जाळ्यात धाडला. भारत १-० असा पुढे! ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचे दार किलकिले झाले होते. पण अवघ्या दोन मिनिटांत युगोस्लाव्हियाने बरोबरी केली. पाठोपाठ आणखी दोन गोल झाले आणि चौथा तर आपल्याच बाजूकडून चुकून झाला. भारत ४-१ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानेही ३-० असे हरवले. भारताचा क्रमांक चौथा आला. चौथ्या क्रमांकाला पदक नसते.

इथे मला एका शब्दाची आठवण होते. 'शिकस्त' हा शब्द तुम्ही घरी ऐकता. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. हाच शब्द मराठीत येऊन स्थायिक झाला आणि त्याचा अर्थ पालटला. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे अंगात होती नव्हती ती सारी शक्ती पणाला लावणे. एकाच शब्दात एका भाषेने निकाल पाहिला, दुसरीने मेहनत पाहिली. मेलबर्नच्या त्या सामन्याचे वर्णन करायला मला या शब्दाहून चांगला शब्द सापडत नाही. तो सामना उर्दूतही शिकस्त होता आणि मराठीतही. दोन्ही भाषा येणाऱ्या तुम्हांलाच हे पुरते कळेल.

त्या स्पर्धेत नेव्हिल यांनी एकूण ४ गोल केले. सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाच्या एकेका खेळाडूच्या बरोबरीने त्यांचे नाव लागले. पुढे काय झाले? रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा ते कर्करोगाने आजारी होते. १९६३ साली ते अल्लाला प्यारे झाले. १९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला नाही. नेव्हिल डिसोझा १९८० साली वारले. वय अवघे ४७ वर्षांचे. खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला होता. तो त्यांच्या वाट्याला कधी आला नाही.

पुरस्कार मिळाला नाही याचे मला वाईट वाटते. त्याहून जास्त वाईट वाटते ते विस्मरणाचे. ज्यांनी नेव्हिल यांना कूपरेजवर खेळताना पाहिले, ती पिढी आता उठून चालली आहे. माझे नाना गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांनी पाहिलेले कितीतरी सामनेही गेले. मी लहानपणी ते अर्धवट ऐकले, वहीत काही उतरवून घेतले नाही. गोलांची संख्या पुस्तकांत राहते. चेंडू नेव्हिलच्या पायाशी आल्यावर गर्दीने श्वास कसा रोखून धरला, हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

तरीही सगळेच पुसले गेलेले नाही. वांद्र्याला आता नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचे फुटबॉल मैदान आहे. तिथे मुंबईची मुले-मुली रोज खेळतात. रहीमसाहेबांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा चित्रपट २०२४ साली पडद्यावर आला. पुष्कळांनी त्यांचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

तुम्ही सगळेच फुटबॉलपटू व्हाल असे नाही. कोणी परिचारिका होईल, कोणी विजेची कामे करील, कोणी माझ्यासारखे हातात खडू धरील. पण 'हे आपल्यासारख्यांचे काम नाही' असे वाक्य ओठांवर येऊ लागले, तर हैदराबादच्या त्या शाळामास्तराला आठवा. कंपनीत नोकरी करून खेळणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाला आठवा. तेही आपल्यासारखेच होते. आणि घरी नाना-नानी, दादा-दादी असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्यांनी काय काय पाहिले ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मागच्या पानावर नको, पहिल्या पानावर लिहा.