याकोबाची परतीची वाट

परमेश्वराच्या हाकेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम अब्राहाम येतो. स्वदेश सोडून अनोळखी भूमीकडे निघालेला तो श्रद्धेचा पिता! परंतु त्याचा नातू याकोब याला आलेली हाक उलट दिशेची होती. त्याला घरी परतायचे होते. पन्नाशी उलटल्यावर आम्हांला वाटू लागले आहे की, ही दुसरी हाक अधिक कठीण असावी.

याकोबाने मामा लाबानाकडे २० वर्षे चाकरी केली. नंतर परमेश्वराने त्याला पूर्वजांच्या देशी जाण्यास सांगितले, सोबतीचे अभिवचनही दिले. पण त्या वाटेवर एसाव होता. ज्याचा आशीर्वाद याकोबाने कपटाने मिळवला, तो थोरला भाऊ! तो ४०० माणसांनिशी येत असल्याचे कळताच याकोब भयभीत झाला. ५०० हून अधिक जनावरे त्याने भेटीदाखल पुढे धाडली. यब्बोकच्या काठी रात्रभर एकट्याने झुंज दिली. सकाळी तो लंगडत होता, भय गेलेले नव्हते. तरी तो माघारी फिरला नाही.

सेमिनरीत हा भाग शिकताना आम्ही झुंजणारा तो पुरुष कोण, याचीच चर्चा केली. एसावाकडे आमचे लक्षच गेले नाही. पुढे वडिलांच्या पश्चात वाडीच्या वाटणीवरून आम्ही थोरल्या बंधूंना एक कठोर पत्र लिहिले. सात वर्षे अबोला राहिला. या काळात आम्ही रोज मिस्सा अर्पण करीत होतो, समेटावर प्रवचनेही देत होतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे प्रभूवचन वाचताना मात्र आमचा आवाज नकळत खाली येई.

गेल्या उपवासकाळात आम्ही गावी गेलो. मनात जुळवलेली सारी वाक्ये दारातच विसरलो. बंधूंनी काहीही न विचारता वहिनींना चहा टाकायला सांगितले. एसावाच्या मुखात याकोबाला देवाचे मुख का दिसले, हे त्या क्षणी उमगले.

वाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. याकोब आणि एसाव तरी भेटीनंतर एकत्र कुठे राहिले? परंतु पित्याला मूठमाती देताना दोघे सोबत होते, असे शास्त्र सांगते.

वाचकहो, देवाने दाखविलेली घरची वाट बहुधा अशाच एखाद्या दारावरून जाते. तेथील कडी वाजविण्याचे धैर्य त्यानेच आपणां सर्वांना द्यावे, ही प्रार्थना.