चांदीचे ताट

मिरजेतल्या एका घरात वाढलेल्या चांदी या कारवान कुत्रीला दूध आणि गहू सोसत नसे. कारवान ही सडपातळ, लांब पायांची शिकारी जात. सीमेपलीकडे कर्नाटकात ती मुधोळ म्हणून ओळखली जाते. टपाल खात्याने २००५ साली तिच्यावर तिकीट काढले. या भागात तिला दुधात कुस्करलेली चपाती नाहीतर भाकरी घालतात. चांदीही त्यावरच वाढली.

दोन वर्षांची झाल्यावर ती सारखे पंजे चाटू लागली. काखा आणि जांघा लाल झाल्या. औषधाने बरा झालेला कान महिन्याभरात पुन्हा वाहू लागे. अशा वेळी आधी पिसवा, गोचीड आणि लूत यांची शंका फेडावी लागते. ती फेडूनही खाज बाराही महिने टिकली, तेव्हा पशुवैद्यांनी ताटाची चौकशी केली.

अ‍ॅलर्जीत शरीर अन्नातल्या एखाद्या प्रथिनाशी वैर धरते, आणि ते अन्न बहुधा कुत्र्याने आधी कितीतरी दिवस सुखाने खाल्लेले असते. दुधातली साखर न पचून जुलाब होतात, तो प्रकार वेगळा. कुत्र्यांमध्ये गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांची अ‍ॅलर्जी जास्त आढळते. रक्ततपासणीवर इथे विसंबता येत नाही. पूर्वी कधीच न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढेच निदान आठ आठवडे देऊन पाहणे हा खात्रीचा मार्ग. चांदीला काटे काढलेला उकडलेला रोहू आणि रताळे सुरू झाले, मीठमसाल्याशिवाय.

चांदीने ते आनंदाने खाल्ले. कठीण गेले ते घरच्यांना. पहिली चपाती कुत्र्याची, ही आजींची रीत. नातवाच्या हातातल्या ग्लुकोज बिस्किटात गहू आणि दूध दोन्ही. गोचिडांवरच्या चघळायच्या गोळीलाही मांसाची चव दिलेली असते. असा एक तुकडा पोटात गेला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते. बेदाण्यांचा डबा तर या जिल्ह्यात घरोघरी असतो. त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही, पण बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून तो कायम वर ठेवावा.

सहाव्या आठवड्यात खाज थांबली. आठ आठवडे पुरे झाल्यावर एकेक जुना पदार्थ परत देऊन पाहिला. दुधाने चार दिवसांत पंजे लाल झाले, गव्हाने आठवड्यात. कोंबडी आणि ज्वारी सोसली. ही उलटतपासणी पुष्कळजण टाळतात, पण तिच्यावाचून दोषी पदार्थ नेमका कळत नाही आणि चालणारे अन्नही उगाच तोडले जाते. घरच्या मांस-भाकरीत कॅल्शियम अपुरे पडते, ते पशुवैद्यांनी ठरवलेल्या मापाने रोज घालावे लागले.

आजींनी चपातीऐवजी ज्वारीची पहिली भाकरी चांदीसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. तेराव्या वर्षी चांदी गेली, तोवर ती रोज निघत होती.