पालथं पडल्यानंतरच्या रात्री

साडेपाच महिन्यांच्या नातीला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. नात टवटवीत, आजींचे डोळे मात्र तारवटलेले. काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, "हिला काही नाही हो मॅडम. आम्हीच मेलोय जागून."

पोर पालथी पडायला लागली होती, झोपेतसुद्धा. सरळ केली की पाच मिनिटांत पुन्हा पालथी. मग घरात पाळ्या लागल्या. बारापर्यंत आई, तीनपर्यंत बाबा, पुढे उजाडेपर्यंत आजी, हातात मोबाइलची बॅटरी.

"पालथी झाल्यावर आपली आपण परत उताणी होते?"

"होते की. दिवसा तर चेंडूसारखी लोळते."

"मग झोपा तुम्ही."

आजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. पाहणारच. बाळाला उताणंच निजवायचं, हे पहिल्या लशीपासून मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते.

नियम दोन्ही वेळी एकच आहे, पण तो आम्ही डॉक्टर निम्माच सांगतो. वर्षाचं होईपर्यंत निजवताना बाळ प्रत्येक वेळी उताणंच ठेवायचं. दुपारच्या झोपेलाही तेच. पुढे त्याने झोपेत कूस बदलली आणि त्याला दोन्हीकडे वळता येत असेल, तर त्याला तसंच राहू द्यायचं. फक्त एकाच बाजूला वळता येणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी. पालथं पडतं पण परतता येत नाही, असे काही दिवस किंवा आठवडे बहुतेक बाळांच्या वाट्याला येतात. तेव्हा ते पालथं दिसलं तर हलकेच सरळ करावं. त्यासाठी रात्र जागवायची गरज नाही.

उताण्या झोपेचा हा आग्रह पाश्चात्त्य देशांत मोठी किंमत मोजून आला आहे. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाला घराघरात वेदवाक्याचा मान होता. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी बाळांना पालथं निजवायला सांगितलं. कारण वरवर पटण्यासारखं होतं: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल. प्रत्यक्षात शरीराची रचना उलटं सांगते. उताण्या बाळात श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात श्वासनलिका खाली येते. शिवाय तोंड गादीत गेलं की बाळ आपलाच सोडलेला श्वास परत आत ओढत राहतं. अशी बाळं चटकन जागीही होत नाहीत. 1987 मध्ये नेदरलँड्सने पालथं निजवू नका असं सांगायला सुरुवात केली. पाठोपाठ न्यूझीलंड आणि ब्रिटनने मोहिमा काढल्या. अमेरिकेची मोहीम 1994 ची. त्यानंतर बाळांच्या झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. आपल्या आज्यांनी स्पॉक वाचला नव्हता, त्या उताणंच निजवत आल्या. हे मी सांगते तेव्हा समोरच्या आजींची मान जरा ताठ होते. लगेच पुढचं सांगून टाकते, म्हणजे ती फार ताठ राहत नाही.

पुढचं म्हणजे अंथरूण. बाळ हलत नव्हतं तोवर भोवतीचं सामान निरुपद्रवी वाटत होतं. आता ते त्या सामानापर्यंत स्वतः पोहोचतं. आणि नेमकं याच वेळी आपण सामान वाढवतो. पडेल म्हणून एका बाजूला लोड, दुसऱ्या बाजूला दोन उशा, पायाशी गुंडाळलेली गोधडी. पलंगाच्या चौथ्या बाजूला भिंत असते, तिकडची काळजी मिटली असं वाटतं. उशांच्या या तटबंदीची मला पलंगावरून पडण्यापेक्षाही जास्त भीती वाटते. पडलेलं बाळ रडतं, आपण धावतो. उशीत तोंड खुपसलेलं किंवा गादी आणि भिंतीच्या फटीत अडकलेलं बाळ आवाज करत नाही.

पडण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. माझी मुलगी साडेचार महिन्यांची असताना दिवाणावरून पडली. मी खोलीतच होते. लंगोट घ्यायला वळले, तेवढ्यात धप्प. आदल्याच दिवशी एका आईला याच कारणासाठी मी चार शब्द सुनावले होते. मुलीला काही झालं नाही. सुनावणं मात्र तेव्हापासून बंद झालं.

म्हणून माझा सल्ला काढून टाकण्याचा आहे. उशी काढा, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशीसुद्धा. कापडी बाहुल्या काढा. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत निजवताना तरी काढाच. दृष्ट लागायची तर दिवसा लागेल, रात्री बघतंय कोण? हा युक्तिवाद शास्त्रीय नाही, पण चालतो.

दुपट्यात बांधून ठेवणं, बाळाने वळण्याची पहिली खटपट केली त्या दिवशी थांबवायचं. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला छाती उचलता येत नाही, मान वळवायला जोर मिळत नाही. झोळीचंही तेच. कापड दोन्ही बाजूंनी अंगाशी येतं, हनुवटी छातीला टेकते आणि वळलेल्या बाळाचं नाक थेट कापडात जातं. पाळणा चालेल, पण तळ सपाट हवा, दोन गजांत सहा सेंटिमीटरहून जास्त फट नको, आणि बाळ झोपलं की झोका थांबवून पाळणा पक्का करायचा. तिरक्या आरामखुर्च्यांचं म्हणाल तर अमेरिकेने 2022 मध्ये कायदा करून दहा अंशांहून जास्त उतार असलेल्या, बाळांना निजवण्यासाठीच्या वस्तूंवर बंदी घातली. पाळण्याच्या कडेने बांधायच्या मऊ पट्ट्याही त्याच कायद्याने गेल्या. आपल्याकडे त्या बारशाच्या आहेरात येतात.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे जमीन. भिंतीपासून हातभर लांब, बाळाची स्वतःची गादी, आईच्या अंथरुणाच्या शेजारी पण वेगळी. घरात मुद्दाम जुनी, दबलेली गादी शोधा. नुकतीच पिंजून आणलेली गादी बाळाला नको. हात दाबून उचलला आणि खळगा राहिला, तर ती गादी मोठ्यांनी वापरावी. वर ताणून खोचलेली चादर, बस्स.

यावर आमच्या साताऱ्याकडच्या खेड्यांतून एक प्रश्न हमखास येतो: "खाली विंचू-काट्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच चावते. तिथे मच्छरदाणी हवीच, चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली, आणि मोठी, म्हणजे लोळत गेलेलं बाळ जाळीला चिकटणार नाही. ज्या घरात जमिनीची खात्री नाही, तिथे मी गज असलेला पाळणाच सांगते.

दिवाळीत घोळ वाढतो. गावी गेलेलं बाळ परक्या पलंगावर, मामाच्या आणि मावशीच्या मधे निजतं. थंडी सुरू झालेली, म्हणून कानटोपी, स्वेटर, वरून रजई. झोपेत डोकं उघडं हवं. बाळाची उष्णता तिथूनच बरीच बाहेर पडते. पांघरुणाऐवजी आपल्यापेक्षा एखादा कपडा जास्त घाला आणि मानेला हात लावून पाहा. घाम असेल तर एक थर उतरवा.

पालथं पडणं वाईट, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. जागेपणी, नजरेसमोर बाळाला पालथं घालायलाच हवं. मान आणि खांदे त्यानेच तयार होतात. इंग्रजी पुस्तकांत यासाठी वेगळे व्यायाम दिलेले असतात. आपल्याकडे पाय लांब करून पाटावर बसलेली मालीशवाली बाई बाळाला पायांवर पालथं टाकून पाठ चोळते, तो हाच व्यायाम. माझ्या सासूबाई नातीला तशीच न्हाऊ घालायच्या, आणि मी दारात उभी राहून सांभाळून, सांभाळून म्हणायचे.

त्या आजी नवव्या महिन्याच्या लशीला परत आल्या. या वेळी डोळे स्वच्छ होते. घरातला पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय म्हणाल्या, सगळेच खाली झोपतात.

"आणि रात्री?"

"रात्री काय! मी निजवते उताणी, ती होते पालथी. आता मीच उताणी पडते आणि घोरते."