हलगीचा हात

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदी त्याच दिवशी लागली. नारायणगावात आमच्या तमाशाच्या फडाच्या राहुट्या पडलेल्या. गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात ते नेमके हेच दिवस. जो तो मिळेल त्या गाडीने घर गाठायला निघाला. आमचा हलगीवालाही गेला, तो परत आलाच नाही.

मी ढोलकीवाला. खेळाआधी तो जाळ करून हलगी शेकायचा, नखाने टिचकी मारून कान लावायचा. त्याने मान हलवली की मग मी ढोलकी चढवायची. पुढे दुसरे हलगीवाले आले, चांगलं वाजवायचे. पण जुगलबंदीत माझा हात मोकळा सुटेना.

शोधायचं ठरवलं तेव्हा फडाची वही काढली. त्यात त्याचं टोपणनाव आणि पुढे उचलीचा आकडा, एवढंच. सोंगाड्या म्हणाला, साताऱ्याचा. ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, छे, सोलापूरकडचा. नाचणाऱ्या बाईंना माहीत होतं की त्याला एक मुलगी आहे. दहा हंगाम एका ताटात जेवलो आणि मला त्याचं गाव ठाऊक नव्हतं, हे मला अजून लागतं.

सोंगाड्याच्या मोबाइलमध्ये एका जत्रेतला तुकडा सापडला, अर्ध्या मिनिटाचा. दुसऱ्या फडातल्या म्हाताऱ्या हलगीवाल्याला ऐकवला. त्याने तीनदा ऐकला आणि म्हणाला, “हा हात कुस्तीच्या मैदानात घडलाय.”

मग मला उलगडलं. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्तीला हलगी लागते. वाजवणारा पैलवानावर डोळा ठेवून असतो. पकड बसली की घाई वाढवतो, डाव सुटला की हात सैल सोडतो. जुगलबंदीत आमचा हलगीवालाही माझ्या तोंडाकडे कधी बघत नसे. बघायचा मनगटाकडे. मी तिहाईला निघायच्या आधीच तो तिथे पोचलेला असायचा. मी ते नशीब समजत होतो.

ड्रायव्हरने जत्रांची मैदानं धरली. जिथे गाडी थांबेल तिथे हलगीवाल्यांना तो तुकडा ऐकवायचा. दुसऱ्या हंगामात सांगलीकडून त्याचा फोन आला आणि मी रातोरात एसटी धरली.

आखाड्याच्या कडेला तो उभा होता, वाळलेला. निकाली कुस्ती संपेपर्यंत मी मागेच थांबलो. त्याने टिपरू कमरेला खोचलं, वळला, मला पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, “दादा, उचल किती राहिलीय माझी?”