उतारी कुणाची?

आमच्या घरी सोमवार कधीकधी बुधवारी उगवतो. मुलं शाळेत जात नाहीत, त्यामुळे वारांचा धाक नाही. नातेवाईक विचारतात, "मग दिवसभर करतात तरी काय?" याचं धड उत्तर मला देता येत नाही, कारण गेला अख्खा आठवडा ती पत्ते खेळत होती.

पत्ते म्हणजे गंजिफा, सावंतवाडीचा दशावतारी संच. गोल, चकचकीत रोगणाचे १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. तिघांत वाटले की प्रत्येकाला चाळीस. इतके पत्ते मोठ्यांच्याही हातात मावत नाहीत. धाकटा निम्मे मांडीखाली दडवतो आणि ऐन वेळी वराह सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो.

या खेळात पहिली उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. ज्याच्याकडे तो राजा, त्याने डाव सुरू करायचा. भांडण नेमकं तिन्हीसांजेला. लेकीच्या हातात राम, धाकट्याकडे कृष्ण, आणि बाहेर ना धड उजेड ना अंधार. शेवटी कालनिर्णय काढलं. सूर्यास्ताची वेळ सापडली, तर लेक म्हणे, ही वेळ कुठल्या गावची? पुण्याची की मुंबईची? सूर्य आधी कुठे मावळतो? पृथ्वीगोल आला, विजेरी आली, आमटी उतू गेली. खेळ राहिला तो राहिलाच. शाळेत हा प्रश्न विचारला असता तर वाईट उत्तर मिळालं असतं असं मी म्हणणार नाही. चांगल्या बाई तिथेही असतात. फक्त घंटा झाली असती. घरी प्रश्नाला चार दिवस लोळत पडायची मुभा असते, एवढाच काय तो आमचा फायदा.

लोळता लोळता तो प्रश्न आकड्यांवर गेला. गंजिफात निम्म्या अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत खालची. मग आकड्याचं मोठेपण ठरवलं कुणी? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रंथालयातून आणलेल्या सातवाहनांच्या पुस्तकात नाणेघाटच्या लेखातल्या आकड्यांचं पान होतं, ते लेकीपुढे सरकवलं. शनिवारी जुन्नरमार्गे घाटमाथा गाठला.

दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल या खिंडीतून वर जुन्नर-पैठणकडे जाई. खिंडीतल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे: कुठल्या यज्ञात किती गाई, किती कार्षापणं दान दिली त्याचा हिशोब. अक्षरं झिजलीत. लेक पुस्तकातलं चित्र भिंतीशी ताडून बघत होती. तिला जे हवं होतं ते सापडलं. इथे शून्य नाही. दहाला एक खूण, शंभराला दुसरी, हजाराला तिसरी. हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चार हजार. धाकट्याला आकड्यांचं सोयरसुतक नव्हतं. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या; आता वर नावं आणि खाली पायांचे अवशेष उरलेत. "मधले कुठे गेले?" हे त्याने तीनदा विचारलं. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. त्याने वाकून बघितलं. आत वेफर्सची पाकिटं.

घरच्या शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव घेतं. जन्म १८५८चा, शाळा नाही, आईनेच संस्कृत शिकवलं, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी देऊन गौरवलं. खरं आहे. पण मधला दुष्काळ सांगायचा राहून जातो. त्यात रमाबाईंचे आईवडील गेले. आमच्यापुढे तसलं काही नाही. एक पगार घर चालवतो आणि माझे दिवस मोकळे आहेत म्हणून हे जमतं. चौदाव्या वर्षी मुक्त विद्यालयाची दहावी देता येते, तेव्हाचं तेव्हा.

रविवारी स्वयंपाकघराच्या दारात तांब्याचा हंडा आला. जकात नाका. दरपत्रक लेकीने नाणेघाटच्या आकड्यांत लिहिलं, त्यामुळे वाचता कुणालाच येईना. सासूबाई अडल्या. "मी माल नेत नाही रे, करते. पोळ्यांची जकात आधी तुम्ही टाका!" नाकेदारांनी त्यांना सूट दिली. नवरा मात्र चहा घ्यायला आला आणि दहाच्या खुणेला शंभर समजून शंभराची नोट टाकून गेला. पावती मिळाली, सुटे मिळाले नाहीत. नाका अजून चालू आहे, आणि गणपतीत पाहुणे येणार म्हणून दर वाढवायचं घाटतं आहे.